कंटूरचे चट्टे पडतात, गाल काळवंडतात : मे महिन्यातल्या कोकणात नेमकं कुठे बिघडतं

सकाळी साडेआठला आरशात सगळं ठीक असतं. गालाच्या हाडाखाली कंटूरची, म्हणजे गडद रंगाने दिलेली, हलकी सावली, नाक सरळ, हनुवटी रेखीव. साडेअकराला नवरी बोहल्यावर उभी राहते आणि अंतरपाट धरेपर्यंत त्याच सावलीचे तीन तुकडे झालेले असतात. कानाजवळ तपकिरी थर साचलेला, मध्ये फिकट चट्टा, ओठांच्या बाजूला मळकट डाग. मग मांडवातली कोणीतरी आत्या जवळ येऊन विचारते, "गालार काळा काय लागला गो?"

वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंतच्या पट्ट्यात मी नवऱ्या सजवते. चाकरमानी मे महिन्यात गावी येतात, त्यामुळे लग्नंही तेव्हाच, आणि हा प्रश्नही तेव्हाच. नव्याने काम सुरू केलेल्या मुलींचे फोन येतात, स्वतःच्या बहिणीचा मेकअप करणाऱ्या मुलींचेही येतात. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच असतं : "ताई, चेहरा गोल आहे, मी गोल चेहऱ्याचंच कंटूर केलं, तरी असं का झालं?"

माझं उत्तर आधीच सांगते. चेहऱ्याचा आकार हे तपासायचं शेवटचं कारण आहे, पहिलं नाही. पट्टा कुठे ओढायचा ते बहुतेक मुलींना बरोबर माहीत असतं. बिघडतं ते त्याच्या आधी : आदल्या दिवशीच्या हळदीत, सकाळच्या घाईत, खोलीतल्या उजेडात. व्हिडिओतले ते गडद पट्टे २०१२ साली अमेरिकन टीव्हीतारका किम कार्दाशियनने आपल्या अर्धवट मेकअपचा फोटो टाकला तेव्हापासून घरोघरी पोहोचले. सावली देऊन चेहरा घडवण्याची रीत रंगभूमीवर आणि सिनेमात त्याच्या कितीतरी आधीपासून होती. पण स्टुडिओत हवा थंड आणि कोरडी असते, दिवा एका जागी ठरलेला असतो आणि चेहरा तासाभरात कॅमेऱ्यासमोर जातो. आपली नवरी पाच-सहा तास मांडवात उभी असते, आणि समुद्रापासून दोन किलोमीटरवर मे महिन्यात आर्द्रता बहुतेक वेळा ७० टक्क्यांच्या वर असते. घाम येतो, पण सुकत नाही. तो मेकअपच्या खाली आणि वर तसाच बसून राहतो.

म्हणून आधी नेमकं काय झालंय ते बघा. चट्टे पडले, रंग राखाडी झाला, एकच गाल काळा दिसला आणि चकाकी तेलासारखी दिसली, या चारही तक्रारी "कंटूर बिघडलं" म्हणूनच येतात, पण प्रत्येकीचं कारण वेगळं आहे. एकीचा उपाय दुसरीवर केला तर बिघाड वाढतो.

चट्टे पडतात

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि तिची सुरुवात बहुतेकदा आदल्या दिवशी होते. हळद लावताना आपल्याकडे ती तेलात कालवतात. खोबरेलाचा हात सढळ असतो, आणि असायलाही हवा, तो आनंदाचा दिवस आहे. पण रात्री नवरी तोंड पाण्याने धुते आणि झोपते. हळदीतला पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे वरचा लेप जातो, आणि रंग व तेलाचा पातळ थर कातडीवर तसाच राहतो. सकाळी त्यावर प्रायमर आणि फाउंडेशन, म्हणजे मेकअपचा बेस, बसतं. तेलावर बसलेलं काहीही तीन तास टिकणार नाही, उन्हात तर नाहीच.

शिवाय दुसरा घोटाळा होतो. चेहरा पिवळा असतो आणि मान नेहमीच्या रंगाची, म्हणून फाउंडेशनची शेड चुकते. मग शेड सुधारायला थर वाढतो आणि जाड थरावर कंटूर सरकतं.

उपाय साधा आहे, पण तो आदल्या रात्रीच करावा लागतो. मेकअप काढायचं क्लेन्झिंग ऑइल किंवा बाम कोरड्या चेहऱ्यावर दोन मिनिटं हलक्या हाताने फिरवा, ओल्या मऊ कापडाने पुसून घ्या, मग सौम्य फेसवॉश लावा. घरात दुसरं काही नसेल तर थोडं खोबरेलसुद्धा हळद सोडवतं, मात्र त्यानंतर फेसवॉश दोनदा लागतो. अंगाच्या साबणाची वडी चेहऱ्यावर घासू नका. हळदीच्या डागाला साबण लागला की कापड लाल होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. साबणातला क्षार हळदीचा रंग बदलतो. शिवाय साबणाने कातडी ओढली जाते.

चट्ट्यांचं दुसरं कारण म्हणजे न थांबणं. पाण्याचा अंश असलेलं फाउंडेशन बसतं ते त्यातलं पाणी उडाल्यावर. दमट हवेत पाणी उडायला वेळ लागतो. पुण्यात जे दोन मिनिटांत बसतं ते वेंगुर्ल्यात बसायला पाच-सहा मिनिटं घेतं, आणि आपण व्हिडिओ बघून दुसऱ्याच मिनिटाला त्यावर कंटूर ओढतो. ओल्या थरावर दुसरा ओला थर पडला की ब्लेंड करताना, म्हणजे कडा मिसळताना, खालचा उचलला जातो, आणि तिथेच तो फिकट चट्टा तयार होतो. तो तेव्हा दिसत नाही, घाम आल्यावर दिसतो. बोटाची मागची बाजू गालाला हलकेच टेकवून बघा. चिकटली तर थांबा. पंखा चेहऱ्यावर न घेता बाजूने घ्या. थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. बरीच फाउंडेशन लावल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांत थोडी गडद होतात. खरा रंग दिसल्यावर कंटूर किती लागणार ते कळतं, आणि बहुतेक वेळा वाटलं होतं त्यापेक्षा कमी लागतं.

तिसरं कारण क्रमाचं. क्रीम आधी, पावडर नंतर. पावडरवर क्रीम लावलं की पावडर भिजून गोळे होतात, आणि ते कितीही ब्लेंड केलं तरी सुटत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं. पण लाइट जाते, घाम येतो, घाबरून कोणीतरी मध्येच कॉम्पॅक्ट पावडर फिरवतं, लाइट आली की परत क्रीम हातात येतं. तसं झालं असेल तर पुढे फक्त पावडर कंटूर वापरा. क्रीमकडे परत जाऊ नका.

क्रीम कंटूर म्हणजे मेण, तेल आणि रंग. मेण उकाड्यात मऊ पडतं. म्हणून इथल्या मे महिन्यात मी क्रीम अगदी पातळ घेते, मनगटाच्या मागे आधी चोळून, आणि ओल्या स्पंजने दाबून दाबून बसवते. ओढायचं नाही, दाबायचं. त्यावर लूज पावडर, तीही दाबून, आणि मग त्याच रेषेवर पावडर कंटूरचा अगदी हलका हात. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी जास्त टिकतात. चेहरा फारच तेलकट असेल तर क्रीम सरळ सोडून द्या. डोळ्यांखाली आणि गालावर पावडरचा जाड ढीग दहा मिनिटं ठेवून मग झाडायची ती बेकिंगची पद्धत मात्र इथे मला पटत नाही. घाम आला की तो ढीग ओल्या पिठासारखा दिसतो.

रंग राखाडी दिसतो

मेकअपचे कातडीसारखे रंग मुख्यतः चार गोष्टींतून घडतात : पिवळा, तांबडा आणि काळा लोह ऑक्साइड, आणि पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड. गोऱ्या कातडीवर सावली थंड, करडी दिसते, म्हणून बाजारातल्या पुष्कळ कंटूर शेड तशाच बनवलेल्या असतात. त्यात पांढरा आणि काळा जास्त, तांबडा कमी. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या गालावर तोच रंग राखेसारखा बसतो. घामाने बेस पातळ झाला की खालून कातडीचा ऊबदार रंग वर येतो आणि राख आणखी उठून दिसते.

सावळ्या कातडीची सावली करडी नसते. ती त्याच रंगाची असते, फक्त गडद. स्वतःच्या हनुवटीखाली, मानेजवळ बघा, तिथे तुमच्या सावलीचा खरा रंग असतो. तो चॉकलेटी असेल, तांबूस असेल, कधी ऑलिव्ह असेल. शेड तिथे लावून, पडवीत उजेडात उभं राहून निवडा, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली नाही. फाउंडेशनपेक्षा दोन शेड गडद पुरे होते. चमक असलेला ब्राँझर कंटूर म्हणून वापरू नका. सावली कधी चकाकत नाही. फार सावळ्या मुलींसाठी कंटूरचा डबा घेण्यापेक्षा दोन शेड गडद असलेलं मॅट फाउंडेशनच चांगलं काम करतं, आणि मी ते वर्षानुवर्षं वापरते आहे.

राख आधीच बसली असेल तर वर गडद लावू नका. थोडा कोरल किंवा विटकरी ब्लश, अगदी हलका, त्या रेषेच्या वरच्या कडेला फिरवा. रंगातला तांबडा परत येतो.

एकच गाल काळा, किंवा गालावर दाढीसारखी छाया

हे मी स्वतःच्या कामातून शिकले, आणि ते शिकणं दुसऱ्या कोणाच्या लग्नात झालं याचं मला आजही वाईट वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत एका घरी माजघराशेजारच्या खोलीत नवरी सजवली. खोलीला एकच खिडकी, नवरीच्या उजव्या हाताला. वर ट्यूबलाइट. मला दोन्ही गाल सारखे वाटले. मांडवात गेल्यावर उजवा गाल डाव्यापेक्षा चांगलाच काळा होता. अल्बममध्ये तो तसाच आहे.

कारण आता स्पष्ट दिसतं. खिडकीकडच्या गालावर उजेड जास्त, म्हणून तिथे सावली फिकट वाटते आणि हात आणखी रंग घालत जातो. दुसरा गाल आधीच अंधारात, तिथे थोडं लावलं तरी पुरेसं वाटतं. उजेड सारखा झाला की खोटेपणा उघडा पडतो.

कोकणातल्या घरांत हे सारखं होतं, कारण आतल्या खोल्या अंधाऱ्या आणि खिडक्या लहान. नवरीला खिडकीकडे तोंड करून बसवा, आरसा खिडकीला टेकवून ठेवा, म्हणजे उजेड समोरून येईल. पडवीत बसवता आलं तर उत्तम, पण माडाच्या झापांमधून ऊन गाळून येत असेल अशी जागा नको. ते ठिपके चेहऱ्यावर पडले की कुठे रंग आहे आणि कुठे सावली ते कळत नाही. भिंत गडद गुलाबी किंवा हिरवी असेल तर तिच्यापासून लांब बसा. भिंतीचा रंग गालावर येतो.

आता मांडवाचा उजेड. दिवसा ताडपत्री किंवा रंगीत कापड, संध्याकाळी वरून टांगलेले फोकस. वरून येणारा उजेड गालाच्या हाडाखाली, जबड्याच्या कडेला आणि डोळ्यांखाली आपोआप सावली पाडतो. त्यावर आपली सावली, म्हणजे दुप्पट. दाढीसारखं दिसतं ते यामुळे. रात्रीच्या रिसेप्शनला वरचे फोकस असतील तर मी कंटूर निम्मं करते आणि डोळ्यांखाली, हनुवटीच्या वर उजळ कन्सीलरला जास्त वेळ देते.

आमच्या भागात दशावतारी नट आपला रंग स्वतः लावतात. लहानपणी जत्रेत देवळाच्या मागे बसून मी ते तासन्‌तास बघत असे. स्त्रीपार्टी रंग झाला की उठून चार पावलं मागे जायचा, आरसा लांब धरायचा, मगच परत बसायचा. मी तेच करते. जवळून घडवायचं, लांबून तपासायचं. पाच-सहा फुटांवरून जो पट्टा दिसतो तो लोकांना दिसणार.

याच कारणाने सेल्फीवरून कंटूर ठरवू नका. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली गणित मांडून दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. मुली मला सेल्फी पाठवतात आणि म्हणतात, नाक बारीक करा. बहुतेकींच्या नाकाला काहीच करायची गरज नसते. फोन दुसऱ्याच्या हातात द्या, पाच फूट लांब उभं करा, आणि मग बघा.

हायलायटर घामासारखा दिसतो

हायलायटरमधली चमक अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांची. ओली कातडीही चमकते. दोन्ही चमका एकत्र आल्या की बघणाऱ्याला घामच दिसतो. मे महिन्यात कपाळाच्या मध्ये, नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर चमक लावूच नका. तिथे घाम स्वतःच ते काम करणार आहे. उजळपणा हवा असेल तर तो चमकीने न आणता एक शेड फिकट मॅट कन्सीलरने आणा. चमक ठेवायची ती एकाच जागी, गालाच्या हाडाच्या वरच्या कडेला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूला, नखाएवढी. सावळ्या रंगावर चांदीसारखी पांढरी चमक नको, सोनेरी किंवा तांबूस घ्या.

आणि फ्लॅश. सिलिकाची बारीक पांढरी पावडर जास्त राहिली, किंवा टायटॅनियम, झिंकचं सनस्क्रीन जाड लागलं, तर फ्लॅशच्या फोटोत चेहरा पांढरा फटक येतो, मान तशीच. नवरी खोलीतून बाहेर पडण्याआधी दिवे बंद करून फोनच्या फ्लॅशने एक फोटो काढाच. दोन सेकंदांत कळतं, आणि मोठ्या मऊ ब्रशने जादा पावडर झाडता येते.

आता आकार

वरचं सगळं तपासलं आणि तरी सावली चुकीच्या जागी वाटते, तरच आकाराकडे या.

गजऱ्याचा दोरा घ्या. केस मागे बांधा. दोरा चेहऱ्यावर न दाबता, समोरून ताणून धरा आणि चार मापं घ्या : कपाळाचा सर्वांत रुंद भाग, गालाच्या हाडांची रुंदी, कानाखालच्या जबड्याच्या कोपऱ्यांमधलं अंतर, आणि केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत लांबी. लांबी रुंदीच्या साधारण दीडपट आणि जबडा कपाळापेक्षा थोडा अरुंद, तर लंबगोल. लांबी रुंदी जवळजवळ सारखी आणि कडा मऊ, तर गोल. तिन्ही रुंद्या सारख्या आणि जबड्याला कोपरा, तर चौकोनी. लांबी बरीच जास्त, तर लांबट. कपाळ रुंद, हनुवटी टोकदार, म्हणजे पत्त्यातला बदाम. गालाची हाडं सर्वांत रुंद, कपाळ आणि हनुवटी दोन्ही अरुंद, म्हणजे चौकट. बहुतेक चेहरे दोन आकारांच्या मधे असतात. तसा असेल तर दोन्हींमधलं जे तुम्हाला खटकतं तेवढ्यावरच काम करा.

गालाचं हाड शोधायला गाल आत ओढून माशासारखं तोंड करतात, ते मला मान्य नाही. त्याने खड्डा हाडाच्या खाली, भलतीकडेच पडतो आणि पट्टा ओठांकडे उतरतो. बोटाने हाड चाचपा. कानाच्या भोकापुढे जो छोटा कठीण टवका असतो त्याच्या वरून सुरुवात, हाडाच्या खालच्या कडेवरून पुढे, आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली आलात की थांबा. ब्लेंड वरच्या दिशेने. खाली ओढला की चेहरा उतरलेला दिसतो.

गोल चेहऱ्यावर सगळ्यात जास्त चूक होते ती ही रेषा लांबवण्यात. गोल गाल भरलेला असतो. हसल्यावर तो वर येतो आणि पट्टा मोडून दोन तुकडे होतात. चट्टे पडले असं ज्याला म्हणतात त्यातले काही चट्टे हसण्याने पडलेले असतात. म्हणून मी नवरीला हसायला सांगते आणि गाल वर येऊन थांबेल त्याच्या बाहेरच रेषा संपवते. उरलेलं काम कानशिलांवर आणि जबड्याच्या खाली करायचं. जबड्यावर नाही, कडेच्या खाली. उजळपणा मध्यरेषेवर, कपाळाच्या मधोमध अरुंद आणि हनुवटीवर, म्हणजे नजर उभी फिरते. ब्लश गालाच्या फळावर गोल न लावता हाडावर तिरका. आणि हे सगळं करण्याआधी तिला एकदा विचारा. पुष्कळ मुलींना त्यांचे गोल गाल आवडतात, त्या फक्त व्हिडिओ बघून मागतात. गोल गाल तसेच ठेवून सजवलेली नवरी मला फार गोड दिसते.

चौकोनी चेहऱ्याला चार कोपरे असतात. तेवढेच मऊ करायचे : कपाळाचे दोन, कानाखालचे दोन. गालावर धारदार रेष ओढली की चेहरा पाचव्या ठिकाणी कापला जातो, तिथे हलका ब्लश बस. जबड्याचे कोपरे वरच्या फोकसखाली आपोआप गडद होतात, म्हणून तिथे हात सगळ्यात हलका. मधोमध कपाळ आणि हनुवटी उजळली की कोपऱ्यांकडे लक्ष जात नाही.

लांबट चेहऱ्याला रेषा आडव्या : केसांच्या रेषेवर, हनुवटीच्या खाली, आणि ब्लश आडवा. बदामाला कानशिलं थोडी गडद, जबड्याच्या बाजू थोड्या उजळ. चौकटीला गालाच्या हाडाचं बाहेरचं टोक जरासं दाबा, कानशिलं आणि हनुवटी उजळा. लंबगोलाला दोन-तीन ब्रशच्या फटकाऱ्यांपेक्षा जास्त काही करू नका.

मुंडावळ्या, नथ आणि शालू

परदेशी व्हिडिओत हे नसतंच, म्हणून वेगळं सांगते. मुंडावळ्या कपाळावर आडव्या बांधल्या जातात आणि दोन्ही बाजूंनी गालांवरून खाली लोंबतात. आडव्या ओळीने कपाळ आपोआप लहान दिसतं. लांबट चेहऱ्याच्या नवरीला केसांच्या रेषेचं कंटूर मग लागतच नाही. लोंबणाऱ्या मोत्यांची खरी सावली गालावर पडते, आणि मोती कानशिलाला घासत राहतात. तिथला रंग आधी उडणार हे धरूनच चला. तिथे क्रीम नको, पातळ पावडर द्या. लग्न लागल्यावर मुंडावळ्या काढून फोटो होणार असतील तर तेव्हाच कानशिलांना नव्याने हात लावा.

नथ डाव्या बाजूला. नजर तिकडे जातेच. नाकाच्या शेंड्याला दोन्ही बाजूंनी रेषा ओढल्या तर डावी रेषा नथीआड जाते, उजवी दिसते, आणि नाक वाकडं वाटतं. नथ असेल तर नाकाचं कंटूर फक्त वरच्या अर्ध्या भागावर, भुवईपासून मधल्या हाडापर्यंत, तेही नथ घातल्यावर. दाबाची नथ असेल तर तिच्याखाली घाम साचतो आणि बेस फुटतो. नथ घालण्याआधी त्या जागी पावडर टिपा, फाउंडेशन जवळजवळ नको.

अष्टपुत्रीचा पिवळा किंवा शालूचा हिरवा रंग उन्हात जबड्याच्या खाली परावर्तित होतो. पिवळ्याने सावली मऊ होते, हिरव्याने कातडी निस्तेज दिसते. साडी खांद्यावर घेऊन मगच जबड्याचं शेवटचं ब्लेंड करा. खोपा उंच असेल आणि वर भरगच्च गजरा असेल तर चेहरा लांब वाटतो, म्हणून केस पूर्ण झाल्यावरच कपाळाला हात लावावा.

मांडवातच बिघडलं तर

रुमालाने पुसू नका. पुसलं की चट्टा मोठा होतो. टिश्यू चार घड्या करून दाबा, घाम शोषून घ्या, मग तोच टिश्यू टाकून द्या. पंख्यासमोर मिनिटभर थांबा. कोरडा, स्वच्छ स्पंज घेऊन चट्ट्याच्या गडद कडांवर ठोका, म्हणजे साचलेला रंग पसरून मधला फिकटपणा भरतो. बहुतेक वेळा एवढंच पुरतं. अजून रंग लागणार असेल तर आधी चिमूटभर लूज पावडर, त्यावर पावडर कंटूर, ब्रश झटकून. ओल्या चेहऱ्यावर कॉम्पॅक्ट फिरवू नका, पाठोपाठ कंटूरचा तुकडा सुटून येतो. सेटिंग स्प्रे घाम पुसल्यावर, हाताच्या अंतरावरून, दोनच फवारे. ओल्यावर ओलं टाकलं तर तो खाली ओघळतो आणि सोबत कंटूर घेऊन येतो.

मी निघताना करवलीच्या पर्समध्ये एक पुडी ठेवते : पंधरा-वीस टिश्यू, झाकण असलेल्या डबीत कोरडा स्पंज, थोडी लूज पावडर, एक छोटा ब्रश, आणि नवरीची लिपस्टिक. क्रीमचं काहीही ठेवत नाही. करवलीला शेजारी बसवून दोन मिनिटं दाखवते, दाबायचं कसं. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी एकदा, आणि पंगतीला बसण्याआधी एकदा. गालावरचे मोती बाजूला करायचे, टिश्यू दाबायचा, मोती परत सोडायचे. जेवणानंतर पहिलं काम म्हणजे ओठांच्या कडा, कारण सोलकढी प्यायल्यावर हनुवटीवरचा बेस तिथेच फुटलेला असतो.